पाठ टेकल्यावर

बाबा,

काल तुमच्या उत्तरकार्याला विचुंब्यात जेवढी म्हातारी माणसं जेवली, त्यातल्या निम्म्यांचे कान मोडलेले होते. मी आमटी वाढत फिरत होते आणि खाली बघितलं की पांढऱ्या टोपीखाली चुरगळलेला कान, पुढच्या पानावर पुन्हा तसाच. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमचे कान बघून मला वाटलं होतं, लहानपणी काही आजार झाला असणार. तुम्ही म्हणालात, "आजार नाय, डिग्री हाय." समोरच्याच्या छातीवर, मांडीवर घासून घासून कान असे होतात, आणि ज्याचे झाले नाहीत त्याने कुस्ती केली असं तुम्ही कधी मानलंच नाही. काल अख्खा मांडव पदवीधर होता.

जेवणाआधी त्याच मांडवात मी एक गोष्ट बोलून बसले. तेव्हापासून प्रवीण माझ्याशी कामापुरतंच बोलतोय. तुमचा मुलगा तुमच्यावरच गेलाय, रागावला की आवाज चढत नाही, बंद होतो. मी बोलले ते बरोबर की चूक, हे खरं तर तुम्हालाच विचारायला हवं, कारण ते तुमच्याबद्दल होतं. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंच आहे. पण तुमची बाजू तुम्ही ओट्यावर बसून चारचौघांत रंगवून सांगायचात, माझी कोणी ऐकलीच नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एकोणचाळीस वर्षांची होते. शाळेत दिवसभर उभं राहून गणित शिकवायचं आणि घरी येऊन कंबर शेकायची, असं चाललं होतं. योगवर्ग झाला, गाण्यावर हातपाय हलवण्याचा वर्ग झाला, दोन्हींचा कंटाळा आला. एकदा चहाच्या वेळी मी म्हणाले, "मला कुणाशी तरी झोंबायचंय." प्रवीणला ठसका लागला. तुम्ही मात्र बशी खाली ठेवलीत आणि गंभीरपणे विचारलंत, "कनाशी?"

"कुणाशीही. शिकायचंय. पण काय शिकावं ते कळत नाही."

"मंग बगून येऊ."

बैल बघायला निघावं तसे आपण दोघं दोन रविवार हिंडलो. स्कूटर मी चालवायची, मागे तुम्ही, आणि सासरा-सुनेच्या मध्ये तुमची ती कापडी पिशवी. पहिल्या रविवारी नवीन पनवेलला ज्युदोचा वर्ग पाहिला. वाकून नमस्कार करतात, शिस्त आहे, हे तुम्हाला पसंत पडलं. पण जाड पांढऱ्या सदऱ्याची कॉलर धरून एकमेकांना आपटतात हे बघून तुम्ही तोंडावर हात धरून हसायला लागलात. "कापराला धरून कुस्ती? आमी लंगोटावर लढलो. आमच्या अंगाव धराला व्हता तरी काय?" दुसऱ्या रविवारी खारघरला, एका टॉवरच्या तळमजल्यावर जिउ-जित्सू बघितली. तिथेही तोच सदरा, पण अर्धी पोरं जमिनीवर. तुम्ही पुढे वाकून बघत राहिलात. तिसऱ्या रविवारी तुम्ही मला कुठेच नेलं नाहीत. मीच म्हणाले, "आणि आपली तालीम?" तर तुम्ही पायातल्या चपलेकडे बघत म्हणालात, "हौदात बायका उतरत नाय."

एवढंच. मारुतीची तालीम, तुमच्या घामाने मळलेली हौदातली माती, हळद आणि ताक घालून तुम्ही स्वतः खोदलेली, आणि तुमच्या घरातली बाई त्यात पाय ठेवू शकत नाही. यावर आपण पुढे कधीच बोललो नाही. तुम्हाला ते पटत नव्हतं, हे मला दिसत होतं. बदलायचा प्रयत्नही तुम्ही केला नाहीत, हेही दिसत होतं. बाबा, ते तुमचं चुकलं. तुम्ही गेलात म्हणून मी हे गोड करून सांगणार नाही.

पण खारघरहून घरी येताना तुम्ही मला जे सांगितलंत, ते मी आजही विचारायला येणाऱ्या प्रत्येक नवख्या बाईला सांगते. "डाव बगू नको, मास्तर बगू नको. नवीन आलेला पोर कसा पडतं ते बग, आन जुना त्याला कसा पाडतं ते बग. जिथं जुना नव्याला जपून पाडतं, तिथं जा." ज्युदोच्या वर्गात एका जुन्या मुलाने नव्याला दाखवायला म्हणून धाडकन आपटलं होतं. खारघरला एक दणकट मुलगी नव्या बाईच्या मानेखाली हात घालून तिला अलगद खाली ठेवत होती. तुमच्याच कसोटीने मी जिउ-जित्सू निवडली. "जुजू" म्हणायचात तुम्ही तिला, नाक मुरडून. कसोटी तुमची आणि निकाल आवडला नाही, म्हणून तुम्ही दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायला नाहीत.

मग तुमच्यातला वस्ताद काही गप्प बसेना. रोज सकाळी अंगणात उभं करून तुम्ही मला शिकवायला लागलात, काठीने. सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही, म्हणून काठीचं टोक घोट्याला टेकवून "पाय रुंद", मानेमागे हवेत धरून "मान ताठ". आणि रोज शेवटी एकच वाक्य: "काय बी हुंदे, पाठ टेकाची नाय. पडलीस तर पोटावं पड, माती धर, पन पाठ टेकाची नाय."

मी गुणी विद्यार्थिनी. खारघरला कोणी मला पाडलं की मी विजेच्या चपळाईने पोटावर वळायचे आणि गादीला मिठी मारून पडायचे. कुस्तीत असा माणूस तासभर हलत नाही. जिउ-जित्सूत मात्र पाठ वर करून पडणं म्हणजे समोरच्याला गळा हातात देणं. तो आरामात पाठीवर बसतो, मागून हात घालतो आणि गळा आवळतो. पहिले तीन महिने मी फक्त गळा आवळून घेतला. आमची कोच सव्वीस वर्षांची पोरगी. तिने शेवटी विचारलं, "ताई, तुम्ही दर वेळी पोटावर का वळता? कोणीच नवीन माणूस असं करत नाही." मी म्हटलं, "सासऱ्यांनी शिकवलंय." सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी येईपर्यंत तुमचा राग आला होता.

आपलं खरं भांडण त्या दिवशी झालं. मी सांगितलं की तिथे उताणं पडूनच शिकायला सुरुवात होते. पाठ जमिनीला, पाय वर, आणि तिथूनच लढायचं. तुम्ही असा चेहरा केलात जसं मी घरात काही अमंगळ बोलले.

"उताना पडला का कुस्ती संपली, सूनबाय."

"तुमची संपते. आमची तिथे सुरू होते."

"सुरू कसली? सगल्यांनी बगितला ना पाठ टेकलेली? मंग गेला तो. माझी सून उतानी पडून लढतं, हा मी गावात सांगू कसा?"

मी म्हटलं, नका सांगू. आणि मला माहीत आहे, तुम्ही सांगितलंत. विचुंब्यातल्या प्रत्येक ओट्यावर तुम्ही छाती काढून सांगितलंत की पैलवानाची सून कुस्ती खेळते. फक्त उभ्याने खेळते असं सांगितलंत.

वर्षभराने वाशीला एका हॉलमध्ये माझी पहिली स्पर्धा झाली. चाळिशीच्या गटात आम्ही तिघीच. पहिल्याच लढतीत ती मला खाली घेऊन पडली, वर बसली, आणि मी या वेळी पोटावर वळले नाही. पाठ टेकलेली ठेवली, तिचा एक हात दोन्ही मांड्यांत अडकवला, कंबर उचलली आणि हात ताणला. तिने माझ्या पायावर थापटलं, म्हणजे हार मान्य. प्रवीणने मोबाईलवर सगळं टिपलं होतं. घरी आल्यावर मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा लावलात, बघायला लागलात, आणि माझी पाठ गादीला लागली त्या क्षणी "गेली" म्हणून मोबाईल खाटेवर पालथा घातलात. पुढचं बघितलंच नाहीत. मी जिंकले असं तोंडाने सांगितलं, तर म्हणालात, "बरा झाला," जसं कोणी पाऊस पडला म्हटल्यावर म्हणावं.

मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले, हे तुम्हाला माहीत नाही. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. चाळिशीत मला एका म्हाताऱ्याची शाबासकी एवढी हवी असेल, असं मलाही वाटलं नव्हतं.

मग तुम्ही पडलात. तालमीत नाही, मागच्या दाराशी, शेवाळलेल्या पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हिराजी पैलवान दिवसच्या दिवस पाठीवर पडून राहिले. तुम्ही प्रवीणला शपथ घातलीत, "उताना पडलेला मना कनी बगाचा नाय." भेटायला येणाऱ्याने आधी कळवायचं. मग प्रवीण तुम्हाला उचलून खुर्चीत बसवायचा, उपरणं नीट करायचा, आणि तुम्ही ओठ घट्ट मिटून पंधरा मिनिटं बसायचात. कळवल्याशिवाय आलेल्याला दारातूनच परत लावायचो. तुमचे जन्माचे जोडीदार जोमाकाका, करंज्याहून बोंबील घेऊन आले, तर त्यांनाही "बाबा झोपलेत" म्हणून पाठवलं. तुम्ही आतून त्यांचा आवाज ऐकत होतात. शपथ माझ्याकडूनही मागितलीत. मी "बघू" म्हणाले.

तेव्हा प्रवीणला बंदरात दुपारपाळी होती; तो कामावर गेला की घरात तुम्ही आणि शाळेतून रजा घेतलेली मी. आणि तुम्हाला सुनेने उचललेलं चालत नव्हतं. मदतीला माणूस ठेवला, त्याला तुम्ही दोन दिवसांत हाकलून दिलंत. दुपारपासून प्रवीण येईपर्यंत तुम्ही लघवी धरून ठेवायचात. पाणी प्यायचं सोडलंत. मी ओरडले, डॉक्टर ओरडले, तुम्ही ऐकलं नाही. एका दुपारी खोलीत आले तर चादर ओली झाली होती आणि तुम्ही तोंडावर टॉवेल घेतला होता. भिंतीकडे वळताही येत नव्हतं, म्हणून टॉवेल. मी हाक मारली तर टॉवेलखालून म्हणालात, "जा तू."

मी गेले नाही. कुठे बोलायचं नाही असं बजावून शेजारच्या काकांकडून चादर बदलून घेतली, ते गेल्यावर माझी गादी आणली, तुमच्या खाटेशेजारी जमिनीवर पसरली आणि तुमच्यासमोर सरळ उताणी झोपले. सुनेने सासऱ्यासमोर असं झोपायचं नसतं, हे चिपळूणच्या माझ्या आईनेही शिकवलं होतं आणि तुमच्या घरानेही. मी म्हटलं, "बाबा, टॉवेल काढा. उताण्या माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवतात ते बघा."

टाच ढुंगणाजवळ घ्यायची, पाय दाबायचा, कंबर उचलायची आणि मागे, बाजूला ढकलायची. मग खांदे त्यामागे. पुन्हा टाच. असं करत करत पाठीवरचा माणूस कोणी न उचलता हवा तिथे सरकतो. "याला आमच्यात कोळंबी म्हणतात," मी खालून सांगितलं. तुम्ही टॉवेल थोडा बाजूला केलात. एक डोळा दिसला. मग दुसरा. मग तुमच्यातला वस्ताद जागा झाला. "परत दाखव." मी दाखवलं. "कंबर अजून उचल. सगला जोर टाचंत हाय, तू खांद्यानी वढतंस." अडीच वर्षं मी ती कोळंबी करत होते आणि माझी चूक तुम्हाला खाटेवरून दिसली.

फिजिओथेरपीची मुलगी दुसऱ्या दिवशी आली. तिने बघितलं आणि म्हणाली, मोडक्या पायावर जोर न देता हेच करायचंय, चालू ठेवा. चांगल्या पायाने तुम्ही सुरुवात केलीत. पहिल्या दिवशी वीतभरही सरकला नाहीत. कपाळाला घाम, मानेच्या शिरा फुगलेल्या. मी जमिनीवर, तुम्ही खाटेवर, दोघंही उताणे, आणि तुम्ही आकडे मोजताय. मी हात पुढे केला तर "नको" म्हणालात. दहाव्या दिवशी तुम्ही स्वतः खाटेच्या कडेला आलात, पाय खाली सोडलेत, वॉकर धरलात आणि आठ पावलांवरच्या मोरीत जाऊन आतून कडी लावलीत. मी बाहेर उभी होते. कडीचा तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते वाशीला जिंकल्यावरही वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघत विचारलंत, "सूनबाय, त्या वाशीच्या कुस्तीत पुढं काय झाला?"

मी मोबाईल आणला. तुम्ही या वेळी शेवटपर्यंत बघितलंत. शाबासकी दिली नाहीत, तो तुमचा स्वभावच नव्हता. म्हणालात, "हात लवकर सोडलास."

"तिने थापटलं, बाबा. थापटलं की सोडायचं."

"पाठ तर तुझी टेकलेली, तिची नाय. तरी ती हरली?"

"पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही. जो स्वतः थापटतो तो हरतो."

मग म्हणालात, "म्हंजे लोकांनी नाय ठरवाचा." आणि रात्रीच्या जेवणाला भाकरी अर्धी जास्त मागितलीत.

असे अडीच महिने काढलेत तुम्ही. आणि एका सकाळी, मी चहा घेऊन येईपर्यंत, गेलात. त्या पहाटेही मोरीत एकटे जाऊन आला होतात, वॉकर खाटेला लावून ठेवला होता.

म्हणून काल प्रवीण श्रद्धांजलीला उभा राहिला आणि म्हणाला, "आमचे बाबा एक दिवस अंथरुणाला खिळले नाहीत, शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर उभे होते," तेव्हा मला बसवलं नाही. सगळ्या मोडक्या कानांनी माना डोलावल्या. प्रवीण खोटं बोलत नव्हता, बाबा, तो शपथ पाळत होता. पण तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती तो पुसून टाकत होता. जत्रेतल्या तुमच्या कुस्त्या मी बघितल्या नाहीत, त्या बघितलेले शंभर लोक तिथे बसले होते. ही एकच मी बघितली होती, आणि दुसरं कोणीच नव्हतं.

आपल्याकडे अशा वेळी सुना बोलत नाहीत. मी जाऊन माइक घेतला. सांगितलं की बाबा साडेतीन महिने खाटेवर होते. पाठीवर पडून होते. आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या विद्येला त्यांनी नाक मुरडलं तिचा पहिल्या दिवशीचा धडा ते नव्या पोरासारखे शिकले, आपल्या सुनेकडून, आणि स्वतःच्या बळावर उठले. मी म्हटलं, मला त्यांचा अभिमान वाटतो. सून सासऱ्याबद्दल असं म्हणते का, ते मला ठाऊक नाही. मला वाटतो.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी सारखी केली आणि उठून गेले. प्रवीण सतरंजीकडे बघत होता. जोमाकाका जेवले, हात धुतले आणि मला न भेटता निघाले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की तुम्हाला मी सगळ्या गावासमोर चीत करून ठेवलं.

आज सकाळी प्रवीण कामावर जायला निघाला होता, तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली. जोमाकाका. करंज्याहून इतक्या लवकर, आणि एकटे. रिक्षातून उतरायलाच त्यांना किती वेळ लागला. आत आले, तुमच्या फोटोपुढे उभे राहिले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना सकाली खाटंवरशी दोन पोरं उचलतात. वरीस झाला. करंज्यात कनाला ठावं नाय."

प्रवीण दारातच थांबला.

"हिराजीला शिकिवलास तो मना शिकव."

मी गादी आणली. त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, भिंतीला धरून गुडघे टेकले, मग एक हात, मग कोपर, आणि करंज्याचे जोमा पैलवान आपल्या पुढच्या खोलीत सावकाश पाठीवर आडवे झाले. बाहेर रस्त्यावरून माणसं जात होती. मी दार लोटून घ्यायला उठले.

"ऱ्हाऊं दे उगडा," ते खालून म्हणाले. "बगूं दे गावाला."